केवलरामची खांदशेकणी

मोनू येणार म्हणून केवलरामनं घरात कमोड बसवून घेतला. मागच्या खेपेला ह्या नातवानं आजोबांच्या घरी दोन दिवस पोट आवळून धरलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी त्याला घेऊन जवळच्या सुपेला भागातल्या हॉटेलात खोली घ्यायची भाषा केली होती. ते केवलरामच्या फार जिव्हारी लागलं होतं. तेव्हा यंदा आधीच मिस्त्री बोलावला, कमोड बसवला, तो जरा तिरका बसला म्हणून उखडून पुन्हा सरळ बसवायला लावला. सगळं झाल्यावर त्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, की आता ह्याचं उद्घाटन कोणाच्या हस्ते करायचं ते ठरवून टाका. केवलराम त्यावर दिवसभर हसत होता.

केवलराम कापगते मूळचा साकोलीकडचा. घरची धानाची शेती, भाऊ चार, जमीन म्हणजे नावापुरती. म्हणून विशीतच तो भिलाईला आला, पोलादाच्या प्लांटमध्ये लागला आणि सगळी नोकरी कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळशाच्या भट्टीच्या, धगीत काढली. निवृत्त झाल्यावर सेक्टरमधला क्वार्टर सोडून त्यानं जवळच कुरुदला घर बांधलं, खाली दोन खोल्या, वर एक. बांधलं तेव्हा समोर धानाचे बांध होते. आता समोर ब्यूटी पार्लर आहे. बायकोचं नाव सिंधू, पण सगळी गल्ली तिला सिंधुताई म्हणते, आणि गल्लीत कोणाच्याही घरी काही घडलं की ते केवलरामच्या आधी तिला कळतं.

निवृत्त माणसाचा दिवस असतो तसाच त्याचा दिवस. सकाळी चंपतबरोबर फिरायला जायचं. चंपत त्याच्याच भट्टीवरचा, त्याच्याच वर्षी निवृत्त झालेला. दोघे टपरीवर चहा प्यायचे, कोण गेला, कोणाची बायपास झाली याचा आढावा घ्यायचे आणि पेपर वाचून आजकालच्या पोरांना नावं ठेवायचे. मग घरी येऊन बीपीची गोळी, जेवण, झोप. वारा त्या बाजूचा असला की प्लांटचा भोंगा ऐकू यायचा आणि झोपेतसुद्धा केवलरामचा हात शर्टाकडे जायचा.

प्लांटमधला एक नियम मात्र त्याच्या अंगात असा मुरला होता की तो निवृत्त व्हायचं नाव घेत नव्हता. आपल्या जागी पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहत नाही तोवर जागा सोडायची नाही. तो आला की त्याला सगळं नीट समजावून द्यायचं: काय चालू आहे, काय बिघडलंय, कशावर नजर ठेवायची. ह्याला चार्ज देणं म्हणतात. मुलगा अंकुर जन्मला त्या दिवशी रिलीव्हर आलाच नाही. केवलरामनं लागोपाठ दुसरी शिफ्ट केली आणि सिंधूला शेजारणीनं दवाखान्यात नेलं. ही गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचा. सिंधू ती दर वेळी ऐकायची आणि कपबशा उचलून आत जायची.

अंकुर पुण्याला नोकरीला होता. यंदा तो मोनूला घेऊन पोळ्याला येतो म्हणाला. दिपालीला, म्हणजे सुनेला, दुसऱ्या खेपेचे दिवस गेलेले होते, त्यामुळे ती प्रवास करणार नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. आपल्याकडची पोरं लाकडी बैलाला दोरी बांधून घरोघर फिरवतात आणि लोक त्यांच्या हातावर खाऊ नाहीतर चार नाणी ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. पुण्यात वाढणाऱ्या आपल्या नातवानं अजून एकदाही बोजारा मागितला नाही, हे केवलरामला घराण्याला लागलेला बट्टा वाटत होतं. त्यानं सागवानाचा एक ओंडका पैदा केला आणि अंगणात बसून बैल घडवायला घेतला. मान छान झाली, शिंगं छान झाली, मागचा एक पाय काही केल्या आखूड राहिला. मग चारही पायांना चाकं लावली आणि आखूड पाय चाकाच्या पोटात लपवला.

सिंधूची तयारी तर ह्याहून वरताण. पाहुणे यायचे असले की एरवी ती केवलरामला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसे. यंदा उलटंच झालं. आधी तिनं वरच्या फळीवरचे डबे खाली आणले. डाळ, तांदूळ, कणीक, तिखट, सगळं केवलरामच्या हाताशी येईल असं मांडलं. गुडघ्यांनी आता स्टुलावर चढवत नाही, म्हणाली. मग एक दिवस तिनं त्याला गॅसपाशी उभं केलं. मोनू आल्यावर मी त्याच्याच मागे असणार, तुम्हाला निदान वरणभात तरी यायला हवा, असं तिचं म्हणणं. केवलराम कुकर लावायला शिकला. बेसन शिकला. पहिल्या बेसनात गाठी झाल्या, तरी सिंधूनं ते मुकाट्यानं खाल्लं आणि बरं झालंय म्हणाली. कपडे धुवायचं मशीन, सिलिंडर बदलणं, गोळ्या कुठल्या डबीत, लाइटवाल्याचा नंबर कुठे, सगळं एकेक करून तिनं त्याच्याकडून घोटून घेतलं.

खरं सांगायचं तर केवलराम खूश होता. म्हातारपणी बायको इतकी जवळ उभी राहून हातावर हात ठेवून काही शिकवते, ह्याचंच त्याला अप्रूप. टपरीवर त्यानं चंपतला ऐकवलं, की बाबू, आपल्याला बेसन येते, तुला काय येते? चंपत हसला नाही. तो चहाच्या ग्लासात बघत राहिला आणि मग म्हणाला, बरंय, कामी येईल.

अंकुर यायच्या आदल्या दिवशी वडे तळायला मोठी कढई हवी होती. दोन घरं सोडून अन्नपूर्णा राहते. तिचा घरगुती डब्यांचा धंदा आहे. आसपासच्या एकट्या माणसांना ती सकाळ-संध्याकाळ डबा पोचवते. सिंधूनं केवलरामला तिच्याकडे पाठवलं. अन्नपूर्णा कामात होती. तिनं कढई काढून दिली आणि पोळी लाटता लाटताच विचारलं, "काका, एक बात पूछनी थी. ताई के जाने के बाद डब्बा दोनों टाइम भेजूँ कि एक टाइम? ताई तो बोल रही थीं, रात का आप खुद बना लेते हो अब."

केवलरामनं विचारलं, की ताई कहाँ जा रही है. अन्नपूर्णेनं मान वर न करताच सांगितलं, की पूना, अंकुर भैया के साथ, बहू की डिलिवरी है ना. तिला वाटलं, काकांना ऐकू कमी येतंय. नवऱ्याला हे माहीत नसेल असं तिच्या मनात तरी कसं यावं? केवलराम म्हणाला, सोचके बताता हूँ. कढई उचलली आणि निघाला.

दोन घरांचं अंतर ते. पण त्या एवढ्याशा वाटेवर गेला महिना त्याच्या डोळ्यांसमोरून सरकत गेला, आणि आता त्यातली एकेक गोष्ट वेगळीच दिसायला लागली. खाली आणलेले डबे. कुकर. मशीन. गोळ्यांची डबी. ही पाहुण्यांची तयारी नव्हतीच. हा चार्ज होता. सिंधू महिनाभर त्याला चार्ज देत होती, आणि तो बेटा बेसनाच्या गाठी मोडत हसत होता. भट्टीवर आलेल्या साध्या हेल्परलासुद्धा ठाऊक असतं की आपण चार्ज घेतोय. केवलरामला ते ठाऊक नव्हतं. त्याला इतका राग आला की कढई नालीत फेकून द्यावीशी वाटली. पण ती अन्नपूर्णेची होती.

घरी सिंधूनं विचारलं, मिळाली का कढई. तिचा चेहरा रोजच्यासारखाच. शब्द केवलरामच्या अगदी ओठांवर आले होते. पण त्यानं फक्त कढई ओट्यावर ठेवली. भांडण करून बाहेर काढलेली गोष्ट त्याला नको होती. सिंधूनं आपल्या तोंडानं सांगावं, एवढंच त्याला हवं होतं. जाते म्हणाली तर कदाचित तो नाही म्हणेल, आदळआपट करील, दोन दिवस जेवणार नाही. ते पुढचं पुढे. पण आधी तिनं सांगावं. चाळीस वर्षांच्या संसारावर आपला एवढा तरी हक्क असावा असं त्याला वाटत होतं, आणि तो सांगण्याची वाट बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना त्यानं चंपतला सरळ विचारलं, की तुला माहीत होतं का. चंपत थांबला. चप्पलमध्ये खडा गेल्याचं निमित्त करून खाली वाकला आणि वाकूनच म्हणाला, "घरच्या बाया बोलत व्हत्या. मी म्हटलं, तुमचा घरचा मामला हाये, आपन कायले मधात पडा?" केवलराम चहा न पिताच घरी परतला. ज्या माणसाबरोबर भट्टीची झळ वाटून घेतली तोही, आणि डब्याची बाईसुद्धा. सगळ्या कुरुदला ठाऊक, फक्त घराच्या मालकाला नाही.

दुपारी अंकुर आणि मोनू आले. मोनू दोन वर्षांत चांगलाच उंच झाला होता. कमोड बघून तो म्हणाला, वॉव. केवलरामला एवढ्या रागातही हसू आलं. बैल त्याला फारच आवडला. आखूड पाय त्यानं लगेच शोधून काढला आणि ह्याला लागलंय का म्हणून विचारलं, आणि त्या पायाला पट्टी बांधली. खेळता खेळता तो दोनदा आजोबांच्या कानाशी आला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि बापाकडे बघून मिटलं. म्हणजे एवढ्याशा पोरालाही पढवून ठेवलं होतं. केवलरामनं त्याला विचारलं नाही. मुलाच्या तोंडून काढून घेणं त्याला बरं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावाकडे बैलांच्या खांद्यांना हळद आणि गरम तूप लावून ते पळसाच्या पानांनी शेकतात, वर्षभर जू ओढून ते खांदे सोललेले असतात म्हणून. आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. भिलाईच्या क्वार्टरमध्ये बैल कुठून आणायचा? लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला केवलराम खांदा धरून शिफ्टवरून आला होता, फावडं मारून मारून त्याची गाठ झाली होती, तेव्हा सिंधूनं तूप गरम केलं आणि हसत म्हणाली होती, की आमच्या घरचा बैल हाच. तेव्हापासून दरवर्षी. कितीही भांडण असो, खांदशेकणी चुकली नव्हती.

यंदाही मोनू आणि अंकुर समोर टीव्ही बघत होते आणि आतल्या खोलीत केवलराम शर्ट काढून पाटावर बसला. सिंधूनं वाटीतलं तूप बोटांनी घेतलं आणि त्याच्या उजव्या खांद्यावर, मानेच्या खाली, जिथे अजूनही थंडीत ठणकतं तिथे नेमकं चोळलं. पळसाचं पान तव्यावर धरून शेकलं. केवलराम डोळे मिटून बसला. आता सांगेल, त्याच्या मनात आलं. आता नाही तर कधी? तिचा हात जरा जास्त वेळ खांद्यावर थांबला. मग ती म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

केवलरामनं विचारलं, "आखीन काई?"

"आखीन काय?" सिंधू म्हणाली. "तेल सांडलं थोडं, ते पुसतो अन् येतो." आणि वाटी घेऊन गेली. तेल नव्हतं, तूप होतं. पण केवलरामला त्याचंही काही वाटलं नाही. खांदा गरम होता आणि आत कुठेतरी पार गार पडलं होतं.

पोळा झाला. पुरणाच्या पोळ्या झाल्या, वडे झाले, सिंधूनं शेजारणीकडून शिकलेली छत्तीसगढी ठेठरी-खुरमी झाली. तान्ह्या पोळ्याला मोनूनं डोक्याला फेटा बांधला आणि बैलाची दोरी धरून अख्खी गल्ली पालथी घातली. प्रत्येक दारात तो बोजारा मागे आणि चाकं खडखडत पुढच्या दाराशी जात. केवलराम त्याच्यामागून चालत होता. लोक म्हणत, नातू छान आहे हो. तो मान हलवी. मनात मात्र एकच चाललं होतं: अजून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी होती.

त्या संध्याकाळी जेवताना नाटकाला तोंड फुटलं. दुसरा शब्द नाही त्याला. सिंधू पुऱ्या तळत होती. अंकुरनं वाटीतली भाजी इकडची तिकडे केली आणि सहज आठवल्यासारखं म्हणाला, "बाबा, मी काय म्हणत होतो, आईले थोडे दिवस घेऊन जाऊ का? दिपाली की मम्मी के घुटने का ऑपरेशन हुआ है, ती नाही येऊ शकत."

आणि सिंधूनं झारा हातात तसाच धरून मागे वळून पाहिलं. भुवया वर, तोंड किंचित उघडं. "माय वो," ती म्हणाली, "मले कायले? इथचं कोन पाहीन? अन् उद्याच्या गाडीचं तिकीट कुठं भेटनार हाये आता?" अंकुर म्हणाला की तत्काळमध्ये बघतो, मिळून जाईल.

सणाच्या दिवसांत पुण्याच्या गाडीत रात्रीतून बर्थ निघत नाही, हे भिलाईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण केवलरामचं लक्ष तिकिटाकडे नव्हतं. तो सिंधूच्या चेहऱ्याकडे बघत होता. किती चांगलं केलं तिनं ते! एक भुवई इकडची तिकडे नाही. सिंधूला खोटं बोलता येत नाही, ती पोरासमोरसुद्धा लगेच पकडली जाते, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. आता त्याला प्रश्न पडला की ह्याआधी आणखी किती वेळा तो असाच समोर बसून जेवला असेल. त्यानं हातातली पुरी ताटात परत ठेवली.

"घेऊन जा," तो म्हणाला. सिंधू काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "अन् अन्नपूर्णाले सांगून दे, सकाळचाच डबा पाठव मनावं. रातचं मले येते करता."

कढईतली पुरी काळी झाली तरी कोणी उतरवली नाही. मोनू म्हणाला, म्हणजे आजोबांना माहिताय? अंकुरनं मान खाली घातली. त्याला उठून जायचं होतं आणि हात खरकटा होता.

पोरं झोपायला वर गेल्यावर सिंधू ओटा पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती. केवलराम दारात उभा राहिला. ती म्हणाली की तुम्ही नाही म्हटलं असतं, मागे पुण्याला आठ दिवसांत भांडून परत आलात, मेलो तरी इथून हलणार नाही म्हणालात, आता मलाही हलू दिलं नसतं. अंकुरच म्हणाला होता, ऐन वेळी विचारू, मग बाबांना नाही म्हणता येणार नाही. तिनं सगळं एका दमात सांगितलं, पाठ केल्यासारखं.

"नाई म्हटलंच असतं," केवलराम म्हणाला. "भांडलो असतो तुह्याशी. मंग तू तरीबी गेली असती, अन् म्या तुले टेशनावर पोचवून देल्लं असतं. पन मले विचारून गेली असती." आणि जरा थांबून तो म्हणाला, "खांद शेकताना तरी सांगाचं व्हतं."

सिंधूनं फडकं ठेवलं. ती खाली बसली आणि रडली. त्याला तिचं रडणं कधीच सहन होत नाही. तोही तिच्याशेजारी फरशीवर बसला, गुडघे कुरकुरले त्याचे. त्यानं विचारलं, की बरं, आता खरं सांग, किती दिवस?

"दिवाळी होऊ द्या," सिंधू म्हणाली. "बाळंतीन जराशी उठून बसली का येतोच मी. दोन महिने. मले का करमनार हाये तिथं?"

केवलरामनं ते मानलं. का नाही मानायचं? आता लपवायला काही उरलंच नव्हतं. फोडलेल्या गळवासारखं सगळं बाहेर आलं होतं, ठणका होता पण बरं व्हायची आशा होती. दोन महिने म्हणजे काय, त्यानं हिशेब लावला, नवरात्र झालं की दिवाळी. तेवढ्यात वरच्या खोलीला रंग मारून ठेवू. रागही धरवत नव्हता आता. तो दमला होता.

सकाळी दुर्ग स्टेशनवर त्यानं सिंधूची बॅग स्वतः उचलली. बॅग चांगलीच जड होती. सुनेसाठी मेथीचे, डिंकाचे लाडू असतील, त्याला वाटलं. गाडी यायला वेळ होता. मोनू बैल काखेत मारून उभा होता, तो सोडायला तयार नव्हता. केवलरामनं त्याच्या बैलाच्या पट्टीची गाठ घट्ट केली आणि सिंधूला म्हणाला, "रिलीव्हर ठेवून चालली म्हना, अन्नपूर्णाले. चार्ज तं मले आधीच देल्ला." सिंधू हसली. डोळे पुसत हसली. गाडी हलली तेव्हा ती खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून बराच वेळ हलवत होती, आणि केवलरामही फलाटाच्या टोकापर्यंत गेला. परत येताना चंपत भेटला, त्याच्याशी दोन शब्द बोललाही. मनात कटुता ठेवून काय करायचं, आपलीच माणसं, असं त्याचं त्याला वाटत होतं.

संध्याकाळी अन्नपूर्णा स्वतः डबा घेऊन आली. केवलरामनं तांदूळ धुवून ठेवले होते. तो म्हणाला की मी फक्त सकाळचा सांगितला होता. ती म्हणाली, आज पहिला दिवस आहे काका, आजचा घ्या, मला राहवलं नाही. चांगली बाई आहे. केवलरामनं डबा घेतला आणि सांगितलं, की बस, दिवाली तक की बात है, फिर ताई आ जाएगी.

अन्नपूर्णा दाराबाहेर चप्पल घालत होती ती थांबली. "दिवाली?" ती म्हणाली. "ताई तो मेरे को अगले पोला तक का बोलके गई हैं काका. बहू नौकरी पे जाएगी तो बच्चा कौन देखेगा? पिछले महीने ही बोल दिया था. मैंने तो पूरे साल के लिए एक छोकरे को मना कर दिया, आपके लिए." मग केवलरामचा चेहरा बघून तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. शायद मैंने गलत सुना होगा, असं पुटपुटून ती निघून गेली.

केवलराम डबा हातात धरून दारात उभा राहिला. समोरच्या ब्यूटी पार्लरचे दिवे लागले. पुढच्या पोळ्यापर्यंत. फरशीवर बसून रडताना सिंधूला हे ठाऊक होतं. डोळ्यांत पाणी असताना तिनं दिवाळी म्हटलं होतं. आधीचं खोटं तरी त्याला घाबरून बोललेलं होतं, त्याला समजत होतं ते. पण हे? सगळं उघड झाल्यावर, तो शेजारी बसल्यावर, भांडण संपल्यावर ती पुन्हा खोटं बोलली होती, आणि आता कशासाठी ते त्याला कळत नव्हतं. रिलीव्हर येणार नाही असं कळलं तर माणूस दुसरी शिफ्ट करतो, त्याची तक्रार नसते. पण किती वेळ उभं राहायचंय ते तरी कोणीतरी सांगतं.

आत फोन वाजला. सिंधूच होती. गाडी भुसावळच्या अलीकडे आली होती, मागे मोनूचा आवाज येत होता, बैल बर्थवरून पडला म्हणून तो ओरडत होता. सिंधूनं विचारलं, की गोळी घेतली का, वरच्या खोलीची खिडकी लावली का, कुलपाची किल्ली जागेवर ठेवली का. केवलरामनं सगळ्याला हो म्हटलं. मग त्यानं विचारलं. आवाज त्यानं शक्य तेवढा साधा ठेवला.

"दिवाळीले येशील न वो?"

"मंग?" सिंधू लगेच म्हणाली. "येतोच ना मी. तुमी जेवून घ्या."

तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. केवलराम म्हणाला, बरं. फोन ठेवून तो पाटावर बसला, आणि डबा उघडून जेवायला लागला.